कांदे सेंडिंग

आमच्या घरात कुणी उगाच शहाणपण शिकवायला लागलं, की दुसरं कुणीतरी म्हणतं, “कांदे पाठवू नकोस.” नवा पाहुणा हे ऐकून गोंधळतो, कारण कांद्याचा विषयच निघालेला नसतो. मग त्याला सगळी गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगायला आमच्या घरात चढाओढ असते. आज मी सांगते, कारण लग्न माझं होतं.

मूळ शब्द इंग्रजी आहे, कंडिसेंडिंग. समोरच्याला आपल्याहून खालचा धरायचं आणि वर त्याच्यावर मायाच करतोय असं दाखवायचं, असा त्याचा साधारण अर्थ. मराठीत त्याला नेमका शब्द मला अजून मिळालेला नाही. शिष्टपणा म्हणावा तर शिष्ट माणूस निदान तोंड तरी फिरवतो. हा प्रकार तोंडभर हसून, पाठीवरून हात फिरवून चालतो. कुणी शिवी दिली तर भांडता येतं. “अगोबाई, तुम्हालासुद्धा जमतं हो!” असं कुणी म्हटलं तर काय करायचं? चहा विचारायचा.

आमचं गाव शहापूरच्या पलीकडे. बाबा आसनगावहून पास काढून ठाण्याला एका गोदामात पॅकिंगच्या कामाला जायचे. मीही बी. कॉम. होऊन ठाण्यातच एका कचेरीत हिशेब बघायला लागले होते, आणि तिथेच शेजारच्या टेबलावर तो होता. कल्याणचा, एकुलता एक, बोलायला गरीब. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. आमचं आमच्यात ठरलेलं होतं, पण आमच्या घरात आईच्या होकाराशिवाय गाय विकली जात नसे, तिथे पोरगी कुठली द्यायला? बाबांनी तर सांगूनच टाकलं होतं, “तुझ्या आईनं हो म्हनलं की माझं हो.” म्हणून मे महिन्यात एका रविवारी तो आपल्या आईला घेऊन आमच्याकडे आला.

त्याची आई शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. वाईट बाई नव्हती, हे मी आज शपथेवर सांगेन. पण त्या दिवशी मला तिचा असा राग आला होता, की काय सांगू! आत आल्याआल्या ती माझ्या आईशी मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली. बालवाडीच्या वर्गात बोलतात तसं.

“तुमच्याकडे. लाइट. असते का हो?”

डोक्यावर पंखा फिरत होता. आईने एकदा पंख्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “असते.”

मग पोहे आले. एक घास खाऊन तिने माझ्या आईच्या हातावर थोपटलं. “छान! अगदी आपल्यासारखेच झालेत.” मग माझ्याकडे वळून, “मुलगी खेड्यातली वाटतच नाही.” आणि शेवटी, फार प्रेमाने, “काही काळजी करू नका. आम्ही तिला सगळं शिकवू. गॅस पेटवण्यापासून.” आमचा गॅस तिच्या पाठीमागच्याच खोलीत होता आणि त्यावर तिचाच चहा उकळत होता.

मी आईच्या मागोमाग आत गेले. कपबश्या आपटण्यावरून आईचा पारा कळतो, आणि त्या दिवशी एक बशी फुटायचीच राहिली.

“ही बाय मना बहिरी समजते का येडी?” आई पुटपुटली. “तिच्या घरात पोरगी नाय देयाची. चहा पाज आन् वाटं लाव.”

मी रडकुंडीला आले. आईचं नाय म्हणजे नाय, त्याला वरचं कोर्ट नव्हतं. बाहेर बसलेला तो माणूस मला हवा होता आणि त्याच्या आईच्या दोन कौतुकांत तो हातचा चालला होता.

तोही बहुधा बसल्याजागी घामाघूम झाला असावा. आई चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यापर्यंत पोचली, त्याच वेळी तो आपल्या आईला खालच्या आवाजात, चिडून म्हणाला, “आई, प्लीज! फार कंडिसेंडिंग होतंय हे.” आमच्याकडे माझ्याशिवाय इंग्रजी कुणाला कळणार नाही, अशी त्याची समजूत. म्हणजे तोही काही कमी नव्हता.

आई ट्रे घेऊन तशीच मागे फिरली. बाबांना खुणेने आत बोलावलं.

“अवो, तो पोरगा काय तरी मागतोय. कांदे सेंडिंग म्हनला.”

बाबा आमच्या घरातले इंग्रजीचे अधिकारी. गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवून चिकटवून त्यांनी ती विद्या मिळवली होती. त्यांनी हनुवटी खाजवली. “सेंडिंग म्हंजे पाठवनं. आमच्या गोडाऊनला रोजचा शब्द हाय. कांदे पाठवा म्हनत्यात.”

“मंग सरळ सांगाया काय झालं?”

“लाजत असतील.”

आत हे चाललं तेव्हा मी तिथे नव्हते. मला पाणी द्यायला बाहेर पिटाळलं होतं, नाहीतर मी आडवी पडले असते. हे बोलणं बाबांनी नंतर सांगितलं. आईचं माहेर मुरबाडकडचं, सिद्धगडाच्या अंगाला. तिथून आणलेल्या बियांचे पांढरे कांदे ती दरवर्षी परसात लावायची, वाळलेल्या पातीची वेणी घालून माळा करायची आणि आढ्याला टांगायची. त्या माळा सहसा कुणाला मिळत नसत. सख्ख्या मावशीलाही मागून घ्यावी लागे.

तर आई बाहेर आली ती दोन्ही हातांत दोन माळा घेऊन.

“घ्या,” ती म्हणाली. “कांदे सेंडिंग.”

त्याचे कान लाल झाले. मला अर्थ लागला, आणि वाटलं, जमीन दुभंगावी. त्याच्या आईलाही लागला. तीस वर्षं मुलांचे चुकलेले उच्चार ऐकलेली बाई ती, तिला कसा नाही लागणार? तिने मुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिचा ओठ एका बाजूने हलला. मी मनात म्हटलं, आता ही हसली तर संपलं. आईचं जाऊ दे, मीच नाही म्हणेन आणि कपबश्या विसळायला आत जाईन.

ती उठली. पदर पसरला आणि माळा पदरात घेतल्या.

“हो,” ती म्हणाली. “कांदेच हवे होते. विचारायचा संकोच वाटत होता.”

मग माझ्या आईला जो चेव आला! मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून, “भुईवर. नाय. ठेवायचं. असं. वर. टांगायचं. वारा लागला पायजे. कळलं का?”

“कळलं,” ती बाई म्हणाली.

“काय घाबरू नका. मी शिकवीन सगळं.”

ती दोघं गेल्यावर आई बराच वेळ आढ्यावरच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. “मागून घेतलं गो तिनं,” ती म्हणाली. “आपल्याला वाटलं तेवढी मोठी नाय ती.” दिवाळीनंतर आमचं लग्न झालं.

तेव्हापासून दर मे महिन्यात कल्याणला कांदे पोचायचे, आणि सासूबाईंचा सूर लागला की नवरा म्हणायचा, “आई, कांदे!” त्या गप्प व्हायच्या, कधी हसायच्या. माझ्या आईला मात्र खरा अर्थ कुणी सांगितला नव्हता. सांगायचा कसा?

सात-आठ वर्षांनी आई माळा घेऊन स्वतःच आली. आमच्याकडे नवा मायक्रोवेव्ह आलेला होता. सासूबाई तिला दाखवायला लागल्या, “हे. बटण. दाबायचं.” नवरा सवयीने बोलून गेला, “आई, कांदे सेंडिंग!”

“आनलेत की,” माझी आई म्हणाली. “पिशवीत हायेत.”

आम्ही हसलो. आई हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “हसलात कशाला?” मग मात्र मला सांगावंच लागलं, पहिल्यापासून सगळं. तिचा चेहरा इतका उतरला, की मला माझं तोंड फोडून घ्यावंसं वाटलं. ती सासूबाईंकडे वळली.

“मंग तवा तुमी मागितले नवते?”

“नव्हते,” सासूबाई म्हणाल्या.

“मंग घेतले कशाला?”

सासूबाईंनी मायक्रोवेव्हचं दार लावलं. “तुम्ही देत होतात म्हणून,” त्या म्हणाल्या. “आणि गॅसचं वगैरे तेवढं बोलून झाल्यावर मला दुसरं काही सुचलं नाही.”

आईने पिशवीतून माळ काढली, हातात उंच धरली.

“टांगायचं ध्यानात हाय, का परत शिकवू?”

“शिकवा,” सासूबाई म्हणाल्या, आणि स्टूल ओढून बसल्या.