काकूची करंगळी

माझे काका घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद केल्यावर काकूने त्यांना घरी पाव करायला शिकवलं, म्हणजे तिला हक्काचा गडी मिळाला. पीठ काकांनी मळायचं आणि निकाल तिने द्यायचा. फुगलेल्या गोळ्यात ती करंगळी दाबायची. खड्डा टुणकन वर आला तर गोळा अजून कच्चा, सावकाश भरत आला तर ओव्हनमध्ये घालायचा. काकांच्या बोटावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

काकू गेली, तरी काकांचे पाव सुटले नाहीत. परवा मी गेले तेव्हा गोळे ओल्या फडक्याखाली झाकून आम्ही बाहेरच्या खोलीत चहा घेत बसलो होतो. घरात तिसरं कुणी नव्हतं. बोलता बोलता काका उठले.

"झाले वाटतं."

"तुम्ही बघितले कुठे?"

"मी बघून काय उपयोग? माझं चालतंय कुठे."

मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. त्यांनी फडकं उचललं. प्रत्येक गोळ्यावर करंगळीएवढा खड्डा होता. "फडकं टेकलं असेल," मी म्हटलं. काका ओव्हनचं दार उघडायला वळले. मी वाकून बघत राहिले.

कडेच्या गोळ्यातला खड्डा अजून सावकाश भरत होता.