लखनौ: कुलूप, खडू आणि एक फोन नंबर

खांद्यावरची कॅनव्हासची पिशवी मी शिवलेली. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा ट्रायपॉड माझा. माइकचं टोपरं जुन्या मफलरचं, तेही माझंच. तुम्ही वाचताय ती साइटसुद्धा कोणत्याही कोर्सशिवाय उभी केलेली. बातमीदारीही अशीच शिकलो, करत करत. हे सगळं घेऊन लखनौला निघालो, कारण तिथल्या एका आशा कार्यकर्तीने फोनवर सांगितलं होतं, की तिच्या वस्तीतलं आरोग्य केंद्र कागदावर रोज उघडतं आणि दाराला कुलूप असतं. हे तिच्या तोंडून आलंय असं कळलं, तर तिचं काम जाणार.

चारबागला उतरलात तर स्टेशनच्या दारातल्या रिक्षा सोडा. रस्ता ओलांडून शेअर ऑटो घ्या, ‘चौक’ नावाच्या जुन्या बाजारभागापर्यंत तीस रुपये. मी चौकातच राहिलो: सातशेची खोली, करकरणारा पंखा, खाली फक्कड पुरी-सब्जी.

वस्तीचं नाव लिहीत नाही. त्या आशा दीदीने (तिचंही नाव नको) अट घातली होती: ती पुढे, मी मागे, आणि कुणी विचारलं तर मी चिकनकारीचे, तिथल्या भरतकामाचे, कुर्ते बघायला आलोय. केंद्रापाशी ती क्षणभर थांबली. मी कुलपाचा फोटो घेतला, तिचा फक्त हात येईल असा. तेवढ्यात पानाच्या टपरीवरून एक माणूस उठला.

"किसके यहाँ आए हैं भाईसाहब?"

"कुर्ता ढूँढ रहे हैं," दीदीच म्हणाली. "बंबई वाले हैं, इनको हर गली एक जैसी लगती है।"

तो हसला, पण गल्लीच्या टोकापर्यंत आमच्या मागे आला. मी पुण्याचा आहे हे सांगायचा मोह मी आवरला.

दुसऱ्या दिवशी अमीनाबादच्या गर्दीत, एका कापड दुकानात भेटलो. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. निघण्याआधी खोलीवर फोटो मोठा करून बघितला होता. चेहरा नाही, छान. पण कुलपाशेजारच्या भिंतीवर पोलिओच्या फेरीत लिहितात तशी खडूची खूण होती, तारीख आणि आकडे. तिला विचारलं, ही कुणी काढली?

"मैंने ही।" ती स्क्रीनकडे बघत राहिली. "सुपरवाइजर को मेरी लिखावट पता है। इलाका समझ गया, तो हाथ भी पहचान लेगा।"

फोटो तिच्यासमोर काढून टाकला. बातमी गेली, असं मी पुटपुटलो.

"क्यों जाएगी? ताला तो सड़क से दिखता है। आप रोज़ आइए, अपनी आँख से लिखिए। मेरा नाम क्यों चाहिए आपको?"

मग आठवडाभर वेगवेगळ्या वेळी तिथून गेलो, एकटाच. टपरीवरच्या त्या माणसाने रोज बघितलं. कुर्ते चार घ्यावे लागले, साडेतीनशेचा एक, घासाघीस करून. दीदीला त्या आठवड्यात एकदाही फोन केला नाही. बातमी प्रसिद्ध झाली ती माझ्या डोळ्यांनी बघितलेली, दारात थांबलेल्या बायकांनी स्वतःहून सांगितलेली. त्या बातमीत आशा कार्यकर्तीचा उल्लेखच नाही.

तुम्हीही अशा कामाला जाणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा: दीदीसारख्या माणसांना वाट विचारा, साक्ष मागू नका. हा लेखही दीदीला फोनवर हिंदीत वाचून दाखवला. दोन ठिकाणं तिने गाळायला लावली, ती गाळलीत; ओळख पटेल असे काही तपशीलही तिच्याच सांगण्यावरून बदललेत.

पुण्याला परतल्यावर एका चॅनेलचा फोन आला. तुम्हाला आतून कुणीतरी सांगितलं असणारच; चेहरा झाकू, आवाज बदलू, तुम्ही फक्त त्यांचा नंबर द्या. पंच्याहत्तर हजार रुपये. मी नाही म्हणालो.