पाटीवरून पुसलेली भाकरी

अत्तराचा वास मला अजून नकोसा होतो. लढाईमुळे कागद मिळेनासा झाला होता, तेव्हाची गोष्ट. पुणतांब्याच्या वाचनालयात मी दर रविवारी लेखनवर्ग घेत असे. सगळे पाटीवर लिहीत, मी दुरुस्त करी आणि मगच ते कागदावर उतरे. एका शेतकऱ्यानं आई गेली तो दिवस लिहिला. तिनं सकाळी थापलेल्या भाकरी दुरडीत तशाच होत्या आणि बाहेर तिरडी बांधत असताना त्यानं गोठ्यात लपून त्यातली एक खाल्ली होती. घरात मढं असताना हा माणूस जेवला, याची मला किळस आली. मी ती भाकरी ओल्या फडक्यानं पुसली आणि तिथं तीन दिवसांचा उपास लिहिला. जाहीर वाचनात तो मजकूर मीच घोळवून घोळवून वाचला. अध्यक्षांनी डोळे टिपले आणि माझ्या हाताला अत्तर फासलं. लोक पांगल्यावर तो शेतकरी जवळ आला. “मास्तर, लई चांगलं वाचलं तुमी. पर भाकर कुठं गेली?” मी म्हटलं, “लोकांना ते बरं वाटलं नसतं.” “आईच्या हातची शेवटची हुती ती,” तो म्हणाला, “तेवडंच सांगायला आल्तो.” त्यानंतर तो वर्गाला आला नाही. गोदावरीच्या वाळूनं मी हात घासला, वास गेला नाही. आता सत्कारात अत्तरदाणी पुढे आली की मी हात मागे घेतो. लोक त्याला माझा साधेपणा म्हणतात आणि मी तेवढं मात्र दुरुस्त करत नाही.