मी एक इमारत नापास केली

ही फजिती मी खरं तर कुणाला सांगणार नव्हतो. पण आमची ही कुठे ना कुठे सांगणारच, आणि तिच्या तोंडून ऐकलीत तर माझी उरलीसुरली अब्रूही जाईल. त्यापेक्षा माझ्याकडून ऐका. आधी चहा घ्या.

खडकीला एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा चेकर म्हणून. म्हणजे दुसऱ्याने काढलेलं ड्रॉइंग समोर घ्यायचं, लाल पेन्सिलने चुका दाखवायच्या आणि परत पाठवायचं. माझ्या टेबलावरून पहिल्या फेरीत सुटलेलं ड्रॉइंग अजून कुणी पाहिलेलं नाही. रिटायर झालो, ड्रॉइंगं संपली, पण सवय कुठे जाणार? कात्रजच्या घरात चेकिंग सुरू केलं. ताटातली पोळी गोल आहे का, ते पट्टीने मोजलं.

"अहो, पोळी आहे ती, वॉशर नाही," ही म्हणाली आणि त्याच दिवशी तिने मुलीला फोन लावला. मुलगी खराडीला आयटीत आहे. तिने मला एका स्केचिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घातलं. जमेल तसं चित्र काढायचं, ग्रुपवर टाकायचं, बाकीच्यांनी बघायचं.

आता मला सांगा, एखाद्याने ड्रॉइंग माझ्यासमोर ठेवलं, तर त्याचा अर्थ काय होतो? तपासायलाच दिलं ना?

मी चित्रं तपासली. फोनवर बोटाने लाल रेघा मारता येतात हे कळल्यावर तर मागे वळून पाहिलं नाही. कुणाचं झाड कललेलं, कुणाच्या कपाचा कान बारीक. 'कानात बोट जाणार नाही. सुधारून पुन्हा सादर करा.' खाली तारीख आणि सही. तीन दिवसांत एकोणीस चित्रं परत पाठवली.

ग्रुप चिडीचूप. मला वाटलं, धाक बसला.

मग भवानी पेठेतल्या सकीनाताईंनी लिहिलं. शाळेतून रिटायर झालेल्या बाई, कपाचा तो कान त्यांचाच. "भाऊ, माझं चित्र इतक्या बारकाईने आजवर कुणी पाहिलं नव्हतं. कान मोठा केलाय, बघता का?" पाहिला, पास केला. मग बाकीचेही धीट झाले आणि 'काका, लाल करा' म्हणून आपणहून चित्रं पाठवू लागले. खरं सांगतो, रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी मला सकाळी उठायला कारण मिळालं होतं. काहीही होवो, हा ग्रुप हातचा जायला नको, एवढंच वाटायचं.

आणि ग्रुपमधला माझा पहिला सोमवार उजाडला.

ग्रुप चालवणारी ऋता नावाची मुलगी आहे. तिने सकाळी एक चित्र टाकलं. काळं-पांढरं, जरा धुरकट, एका चार मजली इमारतीचं. खाली नाव, 'मागची बाजू'. ते बघून माझं डोकंच फिरलं. पाइप तिरका, गॅलऱ्या एका ओळीत नाहीत, जिन्याची खिडकी अर्धी भिंतीत गेलेली. ग्रुप चालवणारीचं हे काम? मी नऊ चुका काढल्या आणि शेरा मारला, 'अशी इमारत उभी राहू शकत नाही. प्रत्यक्ष इमारती बघायची सवय लावा. नापास.'

दहा मिनिटांत फोन.

"काका, ऋता बोलतेय. ते चित्र नाहीये."

"मी तरी दुसरं काय म्हणतोय?"

"तसं नाही, काका. तो फोटो आहे. दर सोमवारी आपण विषय म्हणून फोटो देतो. मैत्रिणीच्या गच्चीवरून काढला मी. ती बिल्डिंग खरंच तशी आहे."

एवढ्या लोकांसमोर मी एका फोटोला नापास केलं होतं. ग्रुपमधून बाहेर पडायचं कुठून, ते शोधायला लागलो. त्यांनी काढण्यापेक्षा आपण गेलेलं बरं. तेवढ्यात सकीनाताईंचा मेसेज आला. "भाऊ, पळू नका. पहिलं चित्र टाकून मीही दोनदा डिलीट केलं होतं. आता तुम्ही काढा, पट्टी न घेता. आम्ही लाल करणार नाही." त्याखाली बाकीच्यांचं 'काका, काढाच.' एकही जण हसला नाही. हसले असतील, पण आपापल्या घरी. पुण्यात एवढी माणुसकी म्हणजे डोक्यावरून पाणी.

पट्टीशिवाय रेघ मी उभ्या जन्मात मारली नव्हती. दोन तास बसलो. पाइप तिरका तर तिरका. जे दिसलं ते सगळं काढलं, वाळत घातलेल्या कपड्यांसकट. रेघा थरथरल्या, पण खोटं कशाला बोलू, चित्र झकास झालं. ग्रुपवर टाकलं आणि ऐटीत हिला हाक मारली.

तिने चष्मा लावला. "आपली बिल्डिंग काढलीत होय? छान जमलीय."

"आपली कशी असेल? नऊ चुका आहेत हिच्यात."

"मागून आहे ही. तिसऱ्या मजल्यावर तुमचाच बनियन वाळतोय बघा. काखेतलं भोकसुद्धा काढलंय तुम्ही."

म्हणजे जी इमारत उभीच राहू शकत नाही, तिच्या तिसऱ्या मजल्यावर मी सात वर्षं राहत होतो. तपासलेला फोटो घाईघाईने उघडला. बनियनभोवती ठसठशीत लाल गोल होता आणि शेजारी माझा शेरा, 'हे काय आहे? ताबडतोब काढून टाका.'

हिने तो शांतपणे वाचला. "एवढं एक मात्र बरोबर तपासलंत," म्हणाली आणि हात पुढे केला.

मी निमूटपणे अंगातला तोच बनियन काढून तिच्या हातात दिला.