काचेपलीकडची वास्तुशांत

गारखेड्यातल्या आमच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत माझ्याविना पार पडली. मी तेव्हा घरातच होतो.

त्याचं असं झालं, की फ्लॅटची किल्ली हातात आली तेव्हा मला नुकताच निराकार देव पटला होता. वाळूजला कंपनीच्या बसमधून जाता-येता मी मोबाईलवर प्रवचनं ऐकायचो. ती इतकी पटली की घरात जाहीरच करून टाकलं, "देव चराचरात आहे. त्याला होम, मुहूर्त, गुरुजी काही लागत नाही. वास्तुशांत होणार नाही! सगळ्यांनी पंधरा मिनिटं डोळे मिटून बसायचं, मग जेवायचं!"

आई गावाकडून, पिशोरहून, देवांचा डबा घेऊन आली होती. म्हणाली, "देव सगळीकडं हाय म्हणतोस, मग घंटीत नाय का?"

"प्रश्न घंटीचा नाहीये, आई."

"मग कशाचा हाय?"

मी म्हटलं, "तुला नाही कळायचं!" (उत्तर नसलं की मी हे म्हणतो.)

दुसऱ्या दिवशी पाहुणे यायला लागले तशी आई उठली. दाराबाहेर जिन्यापाशी खुर्ची टाकून बसली. "शांत झाल्याबिगर मी ह्या घरात पानी नाय पेनार." आणि खरंच नाही प्यायली. पाहुणे तिला वळसा घालून आत येत होते. मला लाज वाटत होती, पण तत्त्व म्हणजे तत्त्व!

अकराच्या सुमारास मी गॅलरीत आसन मांडलं. सगळ्यांना बजावलं, "मी ध्यानाला बसतोय. काही झालं तरी कुणी यायचं नाही. मी बोलावलं तरी नाही! मन चंचल असतं." आणि काचेचं सरकतं दार ऐटीत ओढून घेतलं.

खट्ट!

नवं कुलूप आपोआप पडलं होतं. मोबाईल आत चार्जिंगला.

काच ठोठावली. आतून थोरल्या आत्यानं हात जोडले. जोरात ठोठावली. मामांनी टोपी काढली. मी दोन्ही हात हलवून ओरडलो, "दार उघडा!" जाड काचेतून आवाज जातोय कुठं! आत्याचे ओठ मात्र मला स्वच्छ वाचता आले, "आलं गं बाई, अंगात आलं!"

बायको, सुनीता, पुढं आली. माझ्याकडं बघितलं, शांतपणे मान डोलावली आणि जिन्याकडं गेली. मला वाटलं, सुटलो!

ती आईचा हात धरून आली. मागून सोवळं नेसलेले गुरुजी! (आईनं त्यांना सकाळपासून वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडं बसवून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.) चौरंग मांडला गेला. सुनीता पाटावर बसली आणि शेजारच्या रिकाम्या पाटावर गुरुजींनी यजमानाच्या जागी सुपारी ठेवली.

सुपारी! हप्ते मी भरणार आणि पाटावर सुपारी!

उन्हाचे चटके बसायला लागले तसा मी निराकाराचा धावा केला. त्यानं निराकारासारखंच उत्तर दिलं. मग मी खुलताबादचा भद्रा मारुती धरला, वेरूळचा घृष्णेश्वर धरला, लहानपणी गावात ज्याच्यापुढं नारळ फुटायचे तो म्हसोबासुद्धा सोडला नाही.

तेवढ्यात पूजा आटोपली. आईनं माठातून पेला भरला आणि उभ्याउभ्याच गटागटा प्यायली. पदरानं तोंड पुसलं, घरभर बघितलं आणि हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. खरं सांगतो, मी काच वाजवायचा थांबलो. तीन महिन्यांच्या प्रवचनांत आली नव्हती ती शांतता तिथं आली. पायाला चटके बसत असताना!

मग सुनीता दार उघडायला आली आणि तिचा चेहरा उतरला. कुलूप उघडेचना! मी पुन्हा सगळ्या देवांना हाका मारायला लागलो. खालच्या फ्लॅटमध्ये सरकती दारं बसवणाऱ्या रफिकभाईंना बोलावलं.

"भाईसाब, जरा बाजू हटो," ते आतून काचेला तोंड लावून ओरडले. "ये दरवाजा मैंइच बैठाया. इसके नखरे मेरेकोच मालूम." त्यांनी 'बिस्मिल्ला' म्हणून पेचकस घातला, एक धक्का दिला. दार उघडलं! आईनं आधी त्यांच्या हातावर शिरा ठेवला, मग माझ्या.

"अंदरसे दिखरा था, आप कुछ बोलरे थे," रफिकभाईंनी विचारलं. "किसको बुलारे थे?"

"सगळ्यांनाच," मी कबूल केलं.

"कोई तो सुना ना!" ते हसले आणि शिरा खात खाली गेले.

मी सुनीताला दरडावलं, "तुला कळलं होतं ना मी अडकलोय?"

"व्हय. पण 'मी बोलावलं तरी येऊ नका' कोण म्हणालं होतं?"

आई मला पंख्याखाली घेऊन बसली. म्हणाली, "तू तुझं डोळे मिटून बसत जा. म्या घंटी हळू वाजवते." मी म्हटलं, "जोरात वाजव."

इथं विषय संपायला हवा होता. पण आत्यानं गावाकडं सांगितलं, की आमच्या पोराला भर उन्हात समाधी लागली होती. परवा पिशोरहून एका लांबच्या काकांचा फोन आला. "महाराज, पोरीचा साखरपुडा धरायचाय. कोणता वार चांगला?"

मुहूर्तबिहूर्त काही नसतं, हे त्यांना समजावून सांगायची ही उत्तम संधी होती. मी डोळे मिटले, क्षणभर अंतर्मुख झालो आणि गंभीरपणे म्हणालो, "शुक्रवार."

(शुक्रवारी मला कंपनीला सुट्टी असते. आणि काकांकडं जेवण लई झकास असतं!)