गिरणीवाले काका आणि उसातली वाट

"मी लई भितो, सर. आधीच सांगून ठिवतो."

कुठेही निघायचे असले की आमचे गिरणीवाले काका सायकलच्या सीटवर थाप मारून हे जाहीर करत आणि मग सगळ्यांच्या आधी तेच पायडल मारत. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. भीती एकदा बोलून टाकली की त्यांचे निम्मे ओझे उतरते.

पुणतांब्यात माझ्या घरासमोर त्यांची पिठाची गिरणी होती. आयुष्यभर गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवल्यामुळे ते घरातही ओरडूनच बोलत. काकू म्हणायच्या, "यांना गुपित सांगू नका. नदीपल्याड ऐकू जातंय."

भीतीला कारण होते. आमचा नदीकाठ सगळा उसाचा, आणि उसात बिबट्या. आम्ही त्याला वाघच म्हणतो. कुणाची शेळी जाते, कुणाचे कुत्रे. शेजारच्या गावात गवत कापायला बसलेल्या बाईवरच त्याने झडप घातली. तेव्हापासून शेतात कुणी एकटे वाकत नाही. "वाकलं की आपुन त्याला शेळी दिसतो," काका सांगत.

असा माणूस एका डिसेंबरात मोबाईल नाचवत माझ्याकडे आला. त्यांची मुलगी ऑस्ट्रियात असते. तिने डॅन्यूब नदीच्या काठाने दिवसभर सायकल चालवल्याचा व्हिडिओ पाठवला होता. गुळगुळीत वाट, बदके, मध्येच कॉफी.

"आपली गोदामाय काय कमी हाय का? रविवारी जायचं. निवांत."

दिवस खरोखर निवांत गेला. बंधाऱ्यावर बसून पेरू खाल्ले, पाय पाण्यात सोडले. काकांनी मुलीला व्हिडिओ कॉल लावून बगळे दाखवले. "तुजी बदकं, माजं बगळं. फिट्टमफाट!" परत निघायचे दोघांनाही सुचेना, आणि तिथेच उशीर झाला.

ऊन उतरले तेव्हा आम्ही एका गाडीवाटेत होतो. दोन्ही अंगांना डोक्याच्या वर ऊस. "बोला सर, कायबी बोला, गप ऱ्हाऊ नका," काका ओरडत होते. तेवढ्यात माझी चेन निसटली आणि मागच्या चाकात अशी अडकली की सायकल ढकलताही येईना.

मी उभाच राहिलो. चेन काढायची तर खाली बसावे लागणार.

"सायकल इथंच टाकू, काका. चालत जाऊ."

"चालत अंधार पडंल. बसा तुमी. मी हाय."

मी बसलो. चेन काही हाती लागेना. काकांनी आपली सायकल स्टँडवर लावली, माझ्याकडे पाठ केली, दोन्ही हात वर पसरले आणि गिरणीत ओरडावे तसे सुरू झाले. "गहू कुणाचा? डबा कुणाचा हाय? बाजरी कु..."

आवाज तुटला.

मी त्यांच्या पायांमधून पाहिले. वाटेच्या मधोमध तो उभा होता. वाटला होता त्यापेक्षा लहान. शेपटीचे टोक तेवढे हलत होते. काकांचे तोंड उघडे असावे, पण नदीपलीकडे जाणारा तो आवाज आता चार बोटेही पुढे जात नव्हता. खोटे कशाला सांगू, मला बसल्या जागी लघवी झाली. काकांची सायकल धडधाकट, हाताशी उभी. ते पळाले असते तर मागे उरलेली शेळी मीच होतो.

त्यांचा पायजमा वारा नसताना हलत होता. ते एक पाऊल मागे सरकले. पण त्यांची टाच माझ्या गुडघ्याला टेकली आणि तिथेच थांबली. मी त्यांच्या पायाला हाताने धरून ठेवले. जनावराने आमच्याकडे पाहिले, पुन्हा पाहिले, आणि पलीकडच्या उसात शिरले. वाळल्या पाचटाची सळसळ हळूहळू लांब गेली.

काकांना जाऊन आता वर्ष होईल. गिरणी बंद असते आणि गल्लीत नको इतकी शांतता असते. लोक अजून हसून सांगतात, गिरणीवाला फार भित्रा होता.

त्या संध्याकाळी मी उठून म्हटले, "काका, गेला तो." ते हलले नाहीत. हात तसेच वर पसरलेले. त्यांना ते खाली घेताच येईनात. मग मी त्यांच्या समोर गेलो, आणि आधी उजवा, मग डावा, असे ते ताठरलेले हात कोपरातून हळूहळू वाकवत खाली आणले.