वॉर्ड सोडल्यानंतर

मला भूल द्यायला शिकायचंय, हे मी नवऱ्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो मुलीच्या वेण्या घालत होता.

"कुणाला?" त्याने मान वर न करता विचारलं.

"पेशंटना. ऑपरेशनच्या आधी."

"ती तर डॉक्टर देतात ना?"

आदल्या दिवसापर्यंत मलाही तसंच वाटत होतं. मी मूळची सांगलीची. नर्सिंगचा डिप्लोमा तिथेच केला, काही वर्षं तिथल्याच एका हॉस्पिटलमध्ये काम केलं, आणि लग्नानंतर नवऱ्याबरोबर लेस्टरला आले. तो खाद्यपदार्थांच्या एका कारखान्यात क्वालिटी बघायचा. मी सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स. मुलगी तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. भूल देणारी माणसं मी दोन्ही देशांत पाहिली होती, आणि ती सगळी डॉक्टर होती.

आमच्या वॉर्डच्या सिस्टर आयरिश होत्या. सिस्टर म्हणजे इथे वॉर्डची मुख्य. उंच, काटक, आवाज मात्र मऊ. त्यांनी अख्खी नोकरी त्या एका मजल्यावर काढली होती. गोळ्या द्यायला गेले की खुर्ची ओढून पेशंटजवळ बसायची मला सवय होती. बाकीच्यांचा राउंड संपायचा, माझा अर्धाच झालेला असायचा. इतर कुणी असतं तर मला बोलणी बसली असती. सिस्टर म्हणायच्या, "बसू दे तिला. ती बसते तिथला पेशंट रात्री बेल वाजवत नाही."

एक दिवस आतड्याच्या ऑपरेशनसाठी एक म्हातारा भरती झाला. रिटायर्ड बस ड्रायव्हर. बायको वारलेली, मुलगा कॅनडात. ऑपरेशन थिएटरमधून बोलावणं आलं तशी त्याने माझी बाही धरली. "तू येतेस का माझ्याबरोबर?" त्याने मला विचारलं. मी सिस्टरकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "जा. मी बघते तुझे पेशंट."

थिएटरच्या अलीकडे एक छोटी खोली असते, तिथे भूल देतात. त्याच्या उशाशी पन्नाशीची एक बाई उभी होती. तिने आधी स्वतःची ओळख करून दिली. मी डॉक्टर नाही, ती म्हणाली, आधी नर्स होते, आता शिकून डॉक्टरांच्या देखरेखीखाली भूल देते. डॉक्टर शेजारीच होते. मग तिने त्याला विचारलं, "तुम्ही कुठली बस चालवायचात?" म्हातारा नंबर सांगून थांबला नाही, एकेक स्टॉप सांगू लागला. ती ऐकत होती आणि हाताने पांढरं औषध हळूहळू आत सोडत होती. क्लॉक टॉवरच्या पुढे कुठेतरी त्याची जीभ जड झाली. तिने दोन बोटांनी त्याची हनुवटी वर उचलली, मास्क धरला, आणि मास्कच्या आत वाफ धरली, विरली, परत धरली.

मी रिकामी ट्रॉली घेऊन वॉर्डात परत आले. त्याचा पलंग आवरताना माझ्या डोळ्यांसमोर तीच दोन बोटं होती. इतकं बिनचूक काम मी आयुष्यात कधी केलं नव्हतं असं वाटलं. आपल्यालाही यायला पाहिजे.

सिस्टरना सांगितलं तेव्हा त्यांनी मला ऑफिसात बसवलं. "तुला येईल ते," त्या म्हणाल्या. "पण एक लक्षात घे. तिथे माणूस तुला जागा असताना जेमतेम दहा मिनिटं भेटेल. चालेल?"

"चालेल," मी म्हणाले. मी फार पटकन म्हणाले.

रस्ता लांब होता. माझ्याकडे डिप्लोमा होता, त्यामुळे आधी डिग्री पुरी करणं आलं. ती नोकरी करता करता केली. मग वॉर्ड सोडून आयसीयूत बदली मागून घेतली, कारण गंभीर पेशंटचा अनुभव नसेल तर त्या कोर्सला कुणी उभं करत नाही. आयसीयूत पेशंट बोलत नाहीत. नळ्या, पंप, यंत्रं, आणि त्यांच्यामध्ये एक शरीर. सुरुवातीला मी तिथेही खुर्ची ओढायचे. हळूहळू सुटलं ते.

पहिल्या इंटरव्ह्यूत मला घेतलं नाही. घरी येऊन मी जिन्यातच बसून रडले. नवरा म्हणाला, "पुढच्या वर्षी परत अर्ज भर. मी आहे ना." परत भरला, आणि तासाभराच्या अंतरावरच्या एका शहरात जागा मिळाली. मी पहाटे गाडी काढायचे आणि मुलगी जेवून उठली की परत यायचे. सुट्टीच्या दिवशी वरच्या खोलीत दार लावून अभ्यास. नवऱ्याने कारखान्यातली पहिली शिफ्ट मागून घेतली, म्हणजे दुपारी त्याला मुलीला शाळेतून आणता यायचं. त्याच सुमारास त्याला लंडनच्या शाखेत बढती देऊ केली होती, हॅरोजवळ. त्याने नाही म्हणून सांगितलं. मला मात्र त्याने हे कधी सांगितलं नाही. बऱ्याच दिवसांनी एका लग्नात त्याच्या मित्राच्या बायकोने सहज विषय काढला, "तुम्ही तेव्हा आला असतात तर शेजारी असतो आपण." मी हसून मान हलवली, जणू मला माहीतच होतं.

मला शिकवणाऱ्या बाई कन्सल्टंट, म्हणजे भुलेच्या वरिष्ठ डॉक्टर होत्या. कडक, पण न्यायी. एकदा मी एका घाबरलेल्या बाईशी बोलत तिला झोपवलं. नंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. "तू छान बोलतेस," त्या म्हणाल्या. "पण तू तिच्या चेहऱ्याकडे बघत होतीस. मॉनिटरकडे बघत बोलायला शीक." त्यांचं बरोबर होतं. मी शिकले. आजही माझं तोंड पेशंटकडे असतं आणि डोळे आकड्यांवर.

कोर्सच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीत आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. मी मुद्दाम सुट्टी घेतली होती. लहान मुलांनी स्टेजवर येऊन स्वतःबद्दल चार वाक्यं मराठीत बोलायची, असं ठरलं होतं. माझी मुलगी परकर-पोलकं घालून माईकसमोर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मी लेस्टरला राहतो. मी शाळेत जातो. मी खूप छान पोहतो."

हॉलमध्ये हशा पिकला. प्रेमाचाच होता तो. माझ्या शेजारी बसलेल्या काकू माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बाबांजवळ जास्त असते वाटतं?"

त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांनी दिसलं ते सांगितलं. पण मला त्यापुढचा कार्यक्रम आठवत नाही.

परत येताना गाडीत मुलगी म्हणाली, "लोक का हसला?"

नवऱ्याने तिला समजावलं, "अगं, मुली 'राहते' म्हणतात. 'जाते' म्हणतात."

"पण तू तर जातो म्हणतो."

"मी बाबा आहे ना. आई कसं म्हणते ते ऐकायचं."

ती दोन सीटच्या मधून पुढे वाकली. मग म्हणाली, "आई कधी म्हणते?"

भांडणाचा सूर नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती. गाडी मी चालवत होते. सिग्नल हिरवा झाला तरी माझा पाय हलला नाही. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा निघाले.

मग मी हट्टाला पेटले. दर रविवारी तिला घेऊन मराठी बोलायला बसायचं. गोष्टी, गाणी, 'मी करते, मी खाते.' पण तिला तो शाळेचा आणखी एक तास वाटायला लागला. मी चूक सुधारली की ती गप्प व्हायची. आणि हळूहळू तिने सोपी वाट काढली. इंग्रजीत 'आय गो' म्हटलं की मुलगा काय नि मुलगी काय, कुणी हसत नाही. आधी माझ्याशी इंग्रजी, मग बाबाशीही. आता ती ग्लासगोला युनिव्हर्सिटीत आहे. गुणी पोरगी आहे. दोन दिवसांआड फोन करते, मी थकलेय का विचारते. आमचं सगळं बोलणं होतं, पण माझ्या भाषेत होत नाही. माझी आई सांगलीहून फोन करते तेव्हा नात तिच्याशी "हाऊ आर यू आजी" इतकंच बोलते आणि फोन मला देते. आईही आता "असू दे गं" म्हणते. ते ऐकवत नाही.

कोर्स पुरा झाला. मला आमच्याच लेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये जागा मिळाली. आईने गल्लीत सांगितलं, मुलगी भूलतज्ज्ञ झाली. मी डॉक्टर नाही, हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल. आणि काम मला आवडायचं, हे खोटं सांगणार नाही. एखाद्याचा श्वास आपल्या हाताखाली नीट चालतोय, याचं समाधान मोठं असतं.

पण काही वर्षांनी या देशात वाद सुरू झाला, की डॉक्टर नसलेल्यांनी हे काम किती करावं. तरुण डॉक्टर रागावलेले होते, त्यांच्या शिकण्याच्या संधी जातात म्हणून. पेशंटना आपल्यासमोर नक्की कोण उभं आहे ते कळत नाही, असंही लोक म्हणत होते. त्यांचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे नवीन माणसं घेणं थांबलं. मी एकटीने करायची ती बरीच कामं माझ्याकडून काढून घेतली गेली. गळ्यातल्या बॅजवरचं पदाचं नाव बदललं. कुणी वाईट वागलं नाही. फक्त चहाच्या खोलीत मी शिरले की कधी कधी विषय बदलायचा.

त्याच काळात एक दिवस ऑपरेशनच्या लिस्टवर मला आमच्या जुन्या सिस्टरचं नाव दिसलं. बसस्टॉपवर पडून खुब्याचं हाड मोडलं होतं. मी त्यांच्याजवळ गेले तेव्हा त्यांनी मला टोपी-मास्कमध्येही ओळखलं.

"तुझे डोळे तेच आहेत," त्या म्हणाल्या.

त्यांना पूर्ण भूल द्यायची नव्हती. कन्सल्टंटनी पाठीच्या कण्यात इंजेक्शन दिलं, म्हणजे कमरेखालचं सगळं बधिर आणि माणूस जागा. मी स्टूल ओढून त्यांच्या उशाशी बसले. पडद्यापलीकडे सर्जनची ठोकाठोक सुरू झाली. ती ऐकू येऊ नये म्हणून मी बोलत राहिले. त्यांनी मुलीची चौकशी केली, तिचं नावही त्यांना आठवत होतं.

"आपल्या वॉर्डात आता कोण कोण आहे गं?" त्यांनी विचारलं.

वॉर्ड दोनच मजले खाली होता. मला एकाही नर्सचं नाव सांगता आलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. रिकव्हरी रूममध्ये त्यांना सोपवून मी निघाले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "उद्या येशील ना बघायला?"

"येते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लिस्ट लांबली. त्याच्या दुसऱ्या दिवशी एक इमर्जन्सी आली. नंतर वेळ काढून गेले तर त्यांच्या पलंगावर दुसरीच बाई होती. सिस्टरना चालण्याच्या व्यायामासाठी गावाबाहेरच्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये हलवलं होतं. तिथे जायचं म्हणून मी रविवार ठरवला, मग पुढचा रविवार. त्याच्या आत त्यांना न्यूमोनिया झाला आणि त्या गेल्या.

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. त्यात अर्ध्या तरी नर्सेस असतील. त्या घोळका करून उभ्या होत्या, सिस्टरचे किस्से एकमेकींना सांगत हसत होत्या, रडत होत्या. मी मागे उभी होते. एका तरुण नर्सने वळून मला जागा करून दिली आणि विचारलं, "तुम्ही कुठल्या वॉर्डच्या?"

"मी थिएटरची," मी म्हणाले.

ती मान डोलावून परत पुढे वळली.

घरी आले तर नवरा थालीपीठं थापत होता. मी कोट न काढताच स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले आणि त्याला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याने एक थालीपीठ तव्यावर टाकलं.

"परत जावंसं वाटतं का वॉर्डात?" त्याने विचारलं.

"नर्सिंगची नोंदणी मी कधीच जाऊ दिली. आता परत जायचं तर आधी कोर्स करावा लागेल."

"आणखी एक कोर्स?" तो तेलाचा हात तसाच वर धरून म्हणाला, आणि आम्हाला दोघांनाही हसू फुटलं. बऱ्याच दिवसांनी इतके हसलो. मग त्याने हात पुसले.

"तेव्हा मी तुला थांबवायला हवं होतं का गं?" त्याने विचारलं.

"तू थांबवलं असतंस तर मी तुला आयुष्यभर ऐकवलं असतं."

"ते खरंय," तो म्हणाला, आणि त्याने थालीपीठ उलटलं. एक बाजू करपली होती. तीच त्याने स्वतःच्या ताटात घेतली.